मयसभेचा जमाखर्च

काशीला जाऊन आलेल्या माणसाला "किती घालवले?" असं कोणी विचारत नाही. वास्तविक विचारायला हरकत नाही. पंडे, रिक्षावाले आणि बनारसी शालूंचे दुकानदार यांच्या कृपेनं तिथेही पाकीट बऱ्यापैकी हलकं होतं. पण काशीहून आलेल्याला गंगेला पाणी कसं होतं ते विचारायचं आणि लास व्हेगासहून आलेल्याला किती घालवले ते विचारायचं, असा शिष्टाचारच आहे. विचारताना आवाज थोडा खाली आणायचा, डोळे थोडे बारीक करायचे. "काहीच नाही" असं उत्तर दिलं तर समोरच्याची घोर निराशा होते. मग तो मनाशी म्हणतो, बरेच घालवलेले दिसतात.

त्यातून मी जन्मभर एका कचेरीच्या हिशेब खात्यात काढलेला माणूस. आमच्या घरात जुगार म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली रमी, आणि तीही चिंचोके लावून. डाव संपला की आई चिंचोके मोजून डब्यात परत भरायची. दोन कमी भरले तर कोणी जेवायला बसायचं नाही. अशा घराण्यातल्या माणसानं लास व्हेगासला जाणं म्हणजे शाकाहाऱ्यानं मासळीबाजार बघायला जाण्यासारखं. पण आमचा भाचा लॉस एंजेलिसला असतो. त्यानं आम्हा उभयतांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं कबूल केलं होतं, आणि लास व्हेगास वाटेत लागतं. अमेरिकेत काहीही वाटेत लागतं. हे "वाटेत" सव्वाचारशे किलोमीटरवर होतं.

रस्ता मोहावीच्या वाळवंटातून जातो. दोन्ही बाजूंना कुसळं, खडक आणि पुन्हा कुसळं. मधे बेकर नावाचं एक चिमुकलं गाव लागतं. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो. तिथे थर्मामीटर आहे. चांगला १३४ फूट उंच. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ५७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, त्याचं हे स्मारक. जगात कोणी कशाचा अभिमान बाळगावा याला नियम नाही. सौ.नं त्या थर्मामीटरकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात माणसं पैसे हरायला जातात?" भाचा म्हणाला, "मामी, आत एसी असतो."

अंधार पडल्यावर एका चढावरून गाडी वर आली आणि खाली एकदम दिव्यांचा सडा दिसला. त्यात कुठलाही दिवा नुसता उजेड देण्यासाठी नव्हता. प्रत्येक दिवा काही ना काही सांगत होता, आणि ते सगळं एकाच वेळी.

लास व्हेगास या स्पॅनिश शब्दांचा अर्थ "कुरणं". वाळवंटात इथे झरे होते, त्यांच्याभोवती गवत होतं, म्हणून हे नाव. झरे आटले, गवत गेलं. चरणं तेवढं चालू राहिलं. गावाचा जन्मसुद्धा बोलीतून झाला. रेल्वेनं १५ मे १९०५ रोजी ११० एकर जमिनीचे तुकडे पाडून लिलाव पुकारला. ज्या गावाच्या पाचवीलाच लिलाव पुजला, त्याच्या पत्रिकेत पुढे काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

ज्या रस्त्यावर ही सारी झगमग आहे त्याला "स्ट्रिप" म्हणतात. लांबी पावणेसात किलोमीटर. गंमत अशी की त्याचा बहुतेक भाग लास व्हेगास शहराच्या हद्दीतच नाही. तो ज्या वस्तीत मोडतो तिचं अधिकृत नाव पॅराडाइज, म्हणजे स्वर्ग. शहराच्या हद्दीत ओढले गेलो तर शहराचे कर भरावे लागतील, म्हणून १९५० साली ही वेगळी वस्ती करून घेतली. आपल्याकडे पूर्वी व्यापारी जकात नाक्याच्या पलीकडे दुकान थाटत, त्यातलाच प्रकार. स्वर्ग नगरपालिकेच्या हद्दीबाहेर असतो एवढा अंदाज मला पुण्यात राहून आला होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हा स्वर्ग पायी पाहायला निघालो. अष्टविनायकाची यात्रा एका दिवसात उरकणाऱ्यांना हे गाव फार आवडेल. पॅरिस आहे, त्यात निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे. न्यूयॉर्क आहे. सीझरचा महाल १९६६ पासून आहे. १९९३ सालचा तीस मजली काळा पिरॅमिड आहे आणि बाहेर स्फिंक्स पंजे पुढे करून बसला आहे. खऱ्या पिरॅमिडात मुक्काम करायचा तर आधी मरावं लागे. इथे नुसतं क्रेडिट कार्ड लागतं. ते चालवल्यानंतर "रिसॉर्ट फी" नावाची एक वेगळी रक्कम खोलीच्या भाड्यावर चढते, तेव्हा त्या फॅरोचं बरं होतं असं क्षणभर वाटून जातं.

पण खरी कमाल व्हेनिसची. एका हॉटेलात जिन्यानं वर गेलं की वरच्या मजल्यावर कालवा लागतो. कालव्यात होड्या, होडीत गाणारा नावाडी, काठाला दुकानं आणि वर निळं आभाळ. ते आभाळ म्हणजे रंगवलेलं छत. त्यावर दिवे असे सोडले आहेत की आठवड्याचे सातही दिवस तिथे तिन्हीसांज असते. सौ.ची पावलं एकदम थबकली. "दिवेलागण झाली की! अजून जेवण नाही झालं आपलं." मी घड्याळ पाहिलं, दुपारचा एक वाजला होता.

त्या क्षणी मला मयासुर आठवला. जमीन वाटावी तिथे पाणी आणि पाणी वाटावं तिथे जमीन, अशी सभा त्यानं इंद्रप्रस्थात पांडवांना बांधून दिली आणि दुर्योधन त्यात पचकन पडला. महाभारतात मयसभा वेगळी आणि द्यूतसभा वेगळी. एक इंद्रप्रस्थात, दुसरी हस्तिनापुरात. मधल्या प्रवासात धर्मराजाला विचार बदलायला भरपूर वेळ होता. त्यानं तो वापरला नाही हा भाग निराळा. अमेरिकन माणसानं दोन्ही सभा एकाच छपराखाली आणून तोही वेळ वाचवला. आमच्या हॉटेलात तर खोलीवरून कॉफी प्यायला जायचं तरी द्यूतसभेला अर्धी प्रदक्षिणा पडत होती.

हे सगळं उभं कसं राहिलं याची कथा पुराणाच्याच तोडीची आहे. १९३१ साली मंदीनं गांजलेल्या नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारा राज्यातला मुक्काम सहा आठवड्यांवर आणला. म्हणजे संसार मोडायच्या दोन्ही वाटा एकाच वर्षी रुंद केल्या. आणि त्याच वर्षी शेजारी कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम सुरू झालं. मजुरांसाठी सरकारनं बोल्डर सिटी नावाचं सोवळं गाव वसवलं. तिथे जुगाराला बंदी होती, ती आजही आहे. मजूर आठवडाभर सोवळ्यात राहत आणि पगार झाला की तीस-चाळीस किलोमीटर दूर लास व्हेगासला येऊन ते सोडत.

मग १९४६ च्या नाताळात बग्झी सीगल नावाच्या नामचीन गुंडानं फ्लेमिंगो नावाचं झकपक हॉटेल उघडलं. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला. आपल्याकडे असं झालं तर चौकशी समिती नेमतात. तिथे पुढच्याच जूनमध्ये सीगलला कोणीतरी गोळ्या घातल्या.

१९५१ पासून सरकारनं शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. दुसरं कुठलंही गाव घाबरून पळालं असतं. या गावानं पहाटेच्या पार्ट्या ठेवल्या. स्फोट कधी होणार आणि कुठून चांगला दिसेल याची पत्रकं छापली, हॉटेलांच्या गच्च्यांवर खुर्च्या मांडल्या. १९५७ साली एका नर्तकीनं पोहण्याच्या पोशाखावर कापसाचा अणुमेघ चिकटवून फोटो काढून घेतला, तो अजून विकला जातो. उघड्यावरच्या या चाचण्या १९६२ पर्यंत चालल्या. एवढा मोठा जुगार त्या गावात दुसरा कुठलाच झाला नसेल, आणि तो बघणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण काही लावलं आहे हेच ठाऊक नव्हतं.

पण माझा सर्वांत आवडता पुरुष हॉवर्ड ह्यूज. हा विक्षिप्त अब्जाधीश १९६६ च्या नोव्हेंबरात डेझर्ट इन हॉटेलचे वरचे दोन मजले घेऊन राहिला आणि बाहेर पडेचना. नववर्षासाठी बडे जुगारी येणार होते, मालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. ह्यूजनं पुढच्या वर्षी हॉटेलच विकत घेतलं. आपल्याकडचा भाडेकरू अशा वेळी स्मॉल कॉज कोर्टात जातो आणि नातवंडांना तारखा ठेवून जातो. पद्धती वेगळ्या, चिकाटी तीच.

संध्याकाळी भाच्यानं आम्हाला प्रत्यक्ष द्यूतसभेत नेलं. घड्याळ नाही, खिडकी नाही. गालिच्यावर अशी नक्षी की खाली बघवू नये, म्हणजे माणूस आपोआप समोरच्या यंत्राकडे बघतो. खेळणाऱ्याला पेयं चकटफू. मी हिंडत हिंडत रूलेटच्या टेबलाशी उभा राहिलो. एक चाक, त्यात अडतीस घरं: एक ते छत्तीस, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमच्या आकड्यावर चेंडू पडला तर एकास पस्तीस मिळतात.

हिशेब खात्याची सवय जात नाही. मी कागदी रुमालावर मांडणी केली. समजा अडतीसही घरांवर एकेक डॉलर लावला. खर्च अडतीस. एक घर लागणारच. त्याचे पस्तीस आणि लावलेला एक, मिळून छत्तीस. दोन गेले. अडतीसात दोन, म्हणजे शेकडा सव्वापाच. कोणी लाल लावो, काळं लावो, आजोबांचा मृत्युदिन लावो, लांबच्या हिशेबात शेकडा सव्वापाच मालकाचे. यंत्रांचा हात याहून जड असू शकतो. यंत्रानं सरासरी निदान पंचाहत्तर टक्के परत द्यावेत एवढीच नेवाडाची अट आहे.

रुमालाकडे बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. या अवाढव्य जुगारखान्यात एक माणूस जुगार खेळतच नाही, तो म्हणजे मालक. चेंडू कुठे पडला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो फक्त चाक फिरत राहील याची काळजी घेतो आणि सव्वापाच टक्के जमेला धरतो. ही नर्तकींची, कारंज्यांची, पिरॅमिडांची नगरी ज्यानं उभी केली तो कोणी रंगेल बादशहा असेल अशी माझी समजूत होती. निघाला कारकून! अगदी आमच्यातला. दशांश चिन्हाच्या पुढची दोन घरं जपणारा. त्या सभेत पहिल्यांदाच मला घरच्यासारखं वाटलं.

आमच्या मटक्याचा मालकही असाच. आधी न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडे लावत. १९६१ साली ते भाव यायचे थांबले, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. कापूस गेला, न्यूयॉर्क गेलं, हिशेब राहिला. महाराष्ट्र सरकारनं तर १९७६ साली कॅसिनोचा रीतसर कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं आपल्याकडे कॅसिनोचा कायदा होता, कॅसिनो नव्हता. जुगारात एक पैसा न हरण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

"मामा, एकदा तरी खेळा," भाच्याचा आग्रह चालू होता. मी वीस डॉलरना ऐंशीच्या वरच्या कुठल्याशा आकड्यानं गुणत होतो, तेवढ्यात त्यानं ती नोट सौ.च्या हाती दिली. सौ. एका यंत्रापुढे बसली. पूर्वी या यंत्रांतून खणखण नाणी पडत. आता नाणी गेली, नुसता त्यांचा आवाज ठेवला आहे. यंत्र शेवटी कागदाची चिठ्ठी देतं.

शेजारच्या यंत्रावर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या कमरेपासून एक वेटोळी दोरी निघून यंत्राच्या खाचेतल्या कार्डापर्यंत गेली होती. सलाईन लावल्यासारखी. सौ.नं आपल्या स्वभावाप्रमाणे त्यांच्याशी बोलणं काढलं. सौ.चं इंग्रजी आणि त्या बाईंचं ऐकू येणं, दोन्ही बेताचंच. त्यामुळे त्यांचं छान जमलं. बाई शेजारच्या राज्यातून येत. दर गुरुवारी.

"गुरुवारी? आमच्याकडे दत्ताचा वार," सौ. म्हणाली. बाईंनी मान डोलावली. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा लांब, दुसऱ्या टोकाला. घरात दिवसभर कोणी बोलायला नाही. "आणि इथे?" सौ.नं विचारलं. बाईंनी यंत्राच्या वरच्या बारीक पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचं नाव उजळलं होतं, आणि पुढे "पुन्हा भेटून आनंद झाला" अशा अर्थाची अक्षरं सरकत होती. "हे मला नावानं हाक मारतं," बाई म्हणाल्या. वाढदिवसाला पत्र येतं, एक रात्र खोली फुकट देतात, जेवण देतात.

ते कार्ड काय करतं हे भाच्यानं मला मराठीत सांगितलं. माणूस किती वेळ बसला, किती लावले, किती भराभर लावले याची नोंद ते ठेवतं. त्यावरून एखाद्या गिऱ्हाइकाकडून सरासरी किती सुटतील ते काढतात आणि त्याच्यातला थोडा भाग त्यालाच पाहुणचार म्हणून परत देतात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवावं तसं, फक्त वाण जावयाच्याच पैशातलं.

हिशेब चोख होता. त्यात मला एकही चूक काढता येईना. आम्हाला लहानपणी शिकवलं होतं की उधळा माणूस वाईट आणि हिशेबी माणूस सज्जन. मी त्याच भरवशावर छत्तीस वर्षं नोकरी केली. इथे उधळी ती म्हातारी होती आणि हिशेबी ते कार्ड होतं. दोघांतलं सज्जन कोण, याचं उत्तर आमच्या खात्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मी कागदी रुमालाची घडी करून खिशात टाकली.

तेवढ्यात सौ.च्या यंत्रानं सनई-चौघडा सुरू केला. वीसचे एकतीस झाले होते. सौ.नं बटण दाबलं, चिठ्ठी घेतली आणि उठली.

"मामी! आत्ता तर कुठे सुरुवात झालीय!"

"म्हणूनच," सौ. म्हणाली, आणि जाता जाता तिनं त्या बाईंचा हात हातात घेऊन दाबला. बाईंनी दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

निघताना रूलेटच्या टेबलावरची पाळी बदलत होती. चाक फिरवणाऱ्या मुलीनं उठण्यापूर्वी दोन्ही हात हलकेच एकमेकांवर आपटले आणि तळवे वर करून दाखवले. मला वाटलं नमस्कार असेल. भाचा म्हणाला, तो छतातल्या कॅमेऱ्यासाठी: हातात काही लपवलेलं नाही. मी सभेवरून एकवार नजर फिरवली. रिकामे हात दाखवून जाण्याचा नियम तिथे फक्त नोकरांना होता. बाकीचे नियम नसतानाच तसे जात होते.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर निघालो. शहराच्या बाहेरच्या भागातून जाताना मी पाहिलं, घरापुढच्या अंगणात हिरवळ अशी नाहीच. खडी, दगड, निवडुंग. मी म्हटलं, "एवढ्या श्रीमंत गावाला गवत परवडत नाही?"

"गवत काढून टाकलं तर पाणी खातं पैसे देतं," भाचा म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी गाडीत सावरून बसलो. वर्षाला चार इंच पाऊस पडणारं हे गाव नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून घेतं. नदीच्या पाण्याची वाटणी झाली तेव्हा नेवाडाच्या पानात सगळ्यांत लहान घास पडला. त्यामुळे गाव थेंब थेंब मोजतं. घरातलं, हॉटेलातलं, न्हाणीघरातलं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा तलावात सोडतात आणि तितकं आपल्या खात्यावर जमा धरून परत उचलतात. पाणी रस्त्यावर सांडलं तर दंड करणारे निरीक्षक मोटारीतून फिरत असतात. नुसत्या शोभेच्या हिरवळीला नदीचं पाणी घालायला २०२६ सालानंतर बंदी, असा कायदा २०२१ सालीच झाला. २००२ नंतर वस्ती साडेसात लाखांहून जास्त वाढली आणि तरी नदीतून उचललेलं पाणी कमी झालं.

"आणि ती कारंजी?" सौ.नं विचारलं. आदल्या रात्री एका हॉटेलापुढच्या आठ एकरांच्या तळ्यात हजारावर कारंजी गाण्याच्या तालावर नाचताना पाहून तिनं, "नळ उघडा टाकून गेलंय कोणी तरी," असा अभिप्राय दिला होता.

"मामी, ते नदीचं नाही. त्या जागेवर पूर्वी दुसरं हॉटेल होतं. १९९३ साली ते सुरुंग लावून पाडलं. त्याच्या गोल्फच्या मैदानाची विहीर होती, तिचं पाणी."

जुना वाडा पाडला पण विहीर ठेवली! म्हणजे सदाशिव पेठच की. जगाला रात्रभर उधळपट्टी शिकवणारं गाव सकाळी आपल्या घरी सांडपाणी गाळून वापरतं. मालक खेळत नाही, इथेही नाही. पण काल जो हिशेब त्या गुरुवारच्या बाईंकडे वळून बघत होता, तोच आज बावीस-तेवीस लाख माणसांना पाणी पाजत होता. कालच्या हिशेबनिसाला मी आज नमस्कार केला; कालचा प्रश्न मात्र खिशातल्या रुमालासारखा तसाच राहिला.

हूवर धरणाशी गाडी लावायला दहा डॉलर पडले. ते सौ.नं आपल्या पर्समधून काढून दिले आणि आम्ही कठड्याशी गेलो. खाली निळं पाणी, आणि त्याच्या वर, सगळ्या खडकांवर सारख्या उंचीपर्यंत पांढरा पट्टा. बादली रिकामी होत जाते तेव्हा आत क्षाराची कड राहते, तशी. पाणी कधीकाळी तिथवर होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात ते इतकं खाली गेलं की तलाव पहिल्यांदा भरत होता त्या १९३७ सालापासून इतकं खाली कधी नव्हतं. त्याच वर्षी उघड्या पडलेल्या चिखलात एक गंजकं पिंप सापडलं आणि त्यात एक माणूस. १९७५-८० च्या सुमाराला कोणीतरी गोळी घालून बुडवलेला. खर्ची टाकून विसरलेली नोंद चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी वर आली. शहरानं मात्र आधीच, २०१५ साली, तलावाच्या तळाजवळून पाणी उचलणारी तिसरी वाहिनी घालून ठेवली आहे. धरणातून पुढे थेंब सुटला नाही तरी शहराला पिता येईल अशी.

काल दिवसभर मी ज्या गावात घड्याळ शोधत होतो त्याचं घड्याळ इथे होतं. गावापासून चांगलं पन्नास किलोमीटर दूर, खडकावर रंगवलेलं.

सौ.नं पर्स उघडून काही मोजलं. मी विचारलं, "काय बघतेस?"

"भाच्याचे वीस त्याला परत दिले. वरचे अकरा होते. दहा आत्ता गेले. एक शिल्लक." मग तिनं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं. "आणि यांची शिल्लक किती आहे रे?"

भाच्यानं फोनवर पाहून सांगितलं, "तलाव साधारण एक तृतीयांश भरलेला आहे."

"दोन हिस्से खर्च!" सौ. म्हणाली, आणि तो उरलेला डॉलर तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवून चेन ओढली.